पट्टामुक्ती सोहळा

तांबवडीत सैन्यातून सुटून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मग तो तिकडं लंगरमध्ये पोळ्या लाटत असो की ट्रक चालवत असो. जोतीराम हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि एसटीतून ट्रंक उतरवून घेईपर्यंत मेजर झाला. गावात असे इतके मेजर आहेत की एखादा खरा मेजर आला तर त्याला पारावर बसायला जागा मिळायची नाही. त्यामुळे वस्तीवरच्या कुत्र्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जोतीरामनं पुष्कळ विचार केला आणि कर्नल असं ठेवलं. सगळी नोकरी कर्नलला सॅल्यूट ठोकण्यात गेली होती. आता "बस" म्हटलं की कर्नल बसत होता.

ओढ्याच्या अलीकडं सातारा जिल्हा संपतो आणि पलीकडं सांगली जिल्हा सुरू होतो, तिथं हे गाव आहे. दोन्हीकडं ऊस, आणि उसात बिबट्या. पूर्वी तो डोंगरातून यायचा, म्हणजे पाहुणा होता. आता उसातच जन्मतो, उसातच मोठा होतो. सातबाऱ्यावर नाव नाही, पण वहिवाट त्याचीच. तोडणी सुरू झाली की एका फडातून उठून दुसऱ्या फडात जातो आणि मधे जी वस्ती लागेल तिथलं कुत्रं उचलतो.

जोतीरामच्या वस्तीवरून अशी दोन कुत्री गेली होती. पहिलं गेलं तेव्हा त्यानं बिबट्याला शिव्या दिल्या. दुसरं गेलं तेव्हा नुसता "गेलं" म्हणाला आणि पिल्लू कुणाकडं आहे याची चौकशी करायला लागला. गोठ्यात म्हशी होत्या, रेडकं होती. कुत्रं बाहेर असलं की बिबट्या आधी कुत्र्यावर जातो आणि रेडकू वाचतं, हा हिशोब वस्त्यांवर सगळ्यांना पाठ आहे. तो मोठ्यानं कुणी बोलत नाही. मोठ्यानं बोलताना "राखणीला कुत्रं" असं म्हणतात.

त्याच्या बायकोनं, अंजनानं, दुसऱ्या कुत्र्यानंतर नीट जेवण केलं नव्हतं. तिला कुत्र्यांचा लळा होता असं म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. बाईला नवरा, लेकरं आणि म्हशी यांचा लळा असला की पुरे समजतात. पण तिसरं पिल्लू, म्हणजे हा कर्नल, आलं तेव्हा ती जोतीरामला म्हणाली, "ह्येला मातर म्या जाऊ द्यायची न्हाई."

"तू काय बिबट्याला सांगनार हायस व्हय?"

"सांगीन की."

तिचं माहेर कवठे महांकाळकडचं. तिकडं मेंढक्यांची कुत्री गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून हिंडताना तिनं लहानपणी पाहिली होती. जनावर कुत्र्याचा गळाच धरतं. गळ्याला खिळे असले की तोंड पोळल्यासारखं सोडून देतं. तिनं कारखान्यातून भंगारात आलेल्या जाड पट्ट्याचा तुकडा मिळवला, फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं जाऊन बसली आणि आपल्या समोर त्याच्यात खिळे ठोकून घेतले. टोकं बाहेर. आतल्या बाजूला तिनं जुन्या घोंगडीची पट्टी शिवली, मानेला काचू नये म्हणून. वेल्डिंगवाला म्हणाला, "वहिनी, ह्ये कुत्र्याला हाय का मेजरास्नी?" अंजना म्हणाली, "मेजरास्नी बिबट्या न्हेत न्हाई. म्या इचारून बघितलंय."

पट्टा कामाला आला. मागच्या थंडीत एका पहाटे कर्नलचा कान फाटलेला सापडला, आणि खिळ्यांना पिवळट केस चिकटलेले. कर्नल जिवंत होता आणि नेहमीसारखा भाकरीची वाट बघत होता. अंजनानं त्या दिवशी त्याला दूध घातलं आणि जोतीरामला बिनदुधाचा चहा दिला.

भांडण होतं ते साखळीवरून. जोतीराम कर्नलला गोठ्याच्या मागं, फडाच्या तोंडाला, आखूड साखळीनं बांधायचा. दिवसासुद्धा. ऊन सरकलं की कर्नल सावलीकडं सरकायचा आणि साखळी संपायची तिथं थांबायचा.

"आवं, रातचं तरी सोडा न्हाईतर पडवीत घ्या. बांधल्यालं जनावर पळंल कुटं?"

"त्यानं पळायचंच न्हाई. संतरी पोस्ट सोडत न्हाई."

"संतऱ्याला बंदूक असती."

"ह्येला पट्टा हाय की."

इथं वाद संपायचा, कारण पट्टा अंजनानंच केला होता.

आता ऋषिराज. जोतीरामचा एकुलता मुलगा, शिरवळच्या एका कंपनीत कामाला, तिथंच खोली घेऊन राहणारा. त्याचं लग्न मिरजेच्या मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगी, रेश्मा, एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या विभागात होती. सुट्टीला घरी आलेल्या ऋषिराजनं एका सकाळी कर्नलचा व्हिडिओ काढला. फाटका कान, गळ्यात खिळे, मागं ऊस, आणि वर हलगी वाजवून लिहिलं, 'नाद करायचा न्हाय.' मित्रांनी आगीची चिन्हं टाकली. तो शिरवळला परत गेला.

मधे काय झालं कुणाला नक्की सांगता येत नाही. व्हिडिओ कुठून कुठं गेला, त्यातली हलगी गेली, बासरी आली आणि कर्नल संथ चालायला लागला. खाली मजकूर आला: 'खिळे आतून टोचतात. मान हलवली की रक्त. सातारा-सांगलीतलं हे क्रौर्य थांबवा.' त्याला एक फोटो जोडला होता, त्यात एका पांढऱ्या कुत्र्याची मान सोलून निघालेली होती. कर्नल काळा होता. शिवाय फोटोतल्या कुत्र्याच्या मागं बर्फ पडलेला दिसत होता. तांबवडीत बर्फ फक्त रसवंतीत मिळतो. पण ज्याला राग आलेला असतो तो मागचं बघत नाही.

लोकांनी आपापली मतं मांडली. मालकाच्या गळ्यात तोच पट्टा उलटा घाला, असं एकानं सुचवलं. एकानं मालकाला नरराक्षस म्हटलं; आदल्याच दिवशी त्यानं तांबड्या रश्श्याच्या ताटाचा फोटो टाकून 'रविवार सार्थकी' असं लिहिलं होतं. कुणीतरी मालकाचा फोन नंबर शोधून काढला. तो गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा निघाला, आडनाव एक असल्यामुळे. त्यानं दिवसभर शिव्या खाल्ल्या आणि संध्याकाळी वस्तीवर येऊन त्या जशाच्या तशा जोतीरामला पोचत्या केल्या.

गावही मागं राहिलं नाही. गावच्या ग्रुपवर बातमी आली की हे प्राणीप्रेमी लोकच रात्री ट्रकातून बिबटे आणून सोडतात. कुणी पाहिलं, तर सांगणाऱ्याच्या मेव्हण्यानं.

जोतीराम खाटेवर बसून सगळं ऐकत होता. सरहद्दीवर त्यानं गोळीबार ऐकला होता, पण त्यात कुणी त्याचं नाव घेऊन गोळी झाडली नव्हती. "आमी काय केलंय गं?" त्यानं अंजनाला विचारलं. "पट्टा न्हवता तवा दोन मेली. तवा एक बी बाप्या आला न्हाई बोलायला."

मग मिरजेहून फोन आला. रेश्माच्या आईचा.

"आमी बघितलं बाई त्ये. मनात आलं, मुक्या जनावराला असं, मग आमच्या पोरीला कसं वागवनार?"

"आवं विहीणबाई, पोरीला कशाला कोन पट्टा घालंल?"

"तसं न्हवं. पर चार मानसं इचारत्यात. तेवढं काय त्ये मिटवून टाका."

ऋषिराज शिरवळहून रात्रपाळी बुडवून आला. त्याचं म्हणणं एकच होतं, पट्टा काढा.

"तूच टाकलंस न्हवं त्ये फोनवर?" अंजना म्हणाली.

"आई, म्या वेगळं टाकलं हुतं. लोकांनी वेगळं केलं."

"मग लोकांस्नी सांग की तसं."

"सांगून काय हुतंय? लग्न मोडंल माझं."

"आन पट्टा काढला की ह्यो मरंल."

ऋषिराजनं कर्नलकडं पाहिलं. ऋषिराज लहानपणापासून असाच होता, दोन गोष्टींतली एक निवडायची वेळ आली की तिसऱ्याच कुणीतरी ती निवडावी म्हणून वाट बघायचा.

दरम्यान सांगलीहून एक मुलगी स्कूटरवरून आली. भार्गवी तिचं नाव. कॉलेजात शिकवायची आणि भटक्या कुत्र्यांसाठी एक पेज चालवायची. तिनंही तो व्हिडिओ पुढं ढकलला होता. मग कुत्र्याचे रंग दोन का, असा प्रश्न तिला पडला आणि ती बघायला आली. हे इतक्या लोकांत एकटीनंच केलं, म्हणून तिला श्रेय द्यायला हवं. ती कर्नलजवळ उकिडवी बसली, पट्ट्याखाली बोटं घातली, घोंगडीची पट्टी चाचपली.

"काकू, खिळे बाहेरच आहेत की. मानेला तर खरचटलेलंसुद्धा नाही."

"मग? म्या काय आंधळी हाय?"

"चुकलं आमचं. पण काका, साखळी एवढी आखूड? हा दिवसभर असाच? पाणी कुठंय ह्याचं?"

पाण्याचं घमेलं होतं, पण साखळी पोचत नव्हती तिथं होतं. जोतीरामनं ते पायानं पुढं सारलं.

"पट्ट्यापेक्षा ही साखळी वाईट, काका. रात्री ह्याला आत तरी घ्या."

"कुत्रं घरात? मग राखण कोन करनार, म्या?"

"आवं, म्याबी त्येच म्हनतीया," अंजना एकदम म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं, आणि तेही शुद्ध भाषेत. तिनं भार्गवीला दही घुसळून ताक दिलं आणि घोंगडीची पट्टी कशी शिवली ते परत उलगडून दाखवलं.

भार्गवीनं त्या संध्याकाळी पेजवर सगळं खरं खरं लिहिलं. पट्टा बिबट्यासाठी आहे, फोटो खोटा आहे, दोष असलाच तर साखळीचा आहे. ते लांब होतं आणि त्याला बासरी नव्हती. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यातल्या एकीनं 'किती पैसे मिळाले?' असं विचारलं.

इथं दिग्विजयदादा आले. दिग्विजयदादा म्हणजे गावचं युवा नेतृत्व. कोणत्या पक्षाचं, हे निवडणूक लागल्यावर ठरायचं होतं. त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला फाट्यावर फ्लेक्स लागतो आणि त्यावर शुभेच्छुक म्हणून बत्तीस जणांचे चेहरे असतात. ते गॉगल कपाळावर सरकवून खाटेवर बसले.

"मेजर, टेन्शन घ्यायचं न्हाई. गावाची बदनामी झालीय ती गावानंच पुसायची. आपन कार्यक्रम घिऊ."

"कसला?"

"पट्टामुक्ती. चौकात स्टेज टाकू. कर्नलचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फेटा. पट्टा सगळ्यांदेखत काढायचा. त्या सांगलीच्या मॅडमना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवू. एका दगडात..." इथं ते थांबले, कारण प्राणीमित्राला दगड शोभत नव्हता.

"दादा, पट्टा काढला तर बिबट्या न्हील त्येला," अंजना म्हणाली.

"काकी, तुमच्या जिवाला काय आमी वाऱ्यावर सोडनार हाय का? नवा पट्टा देनार आपन. इम्पोर्टेड. मऊ. लाल. आन नवी साखळी, स्टीलची."

"साखळी नगं. साखळीच नगं आमास्नी."

"फुकट हाय, काकी."

जोतीरामनं बायकोकडं पाहिलं नाही. त्यानं मुलाकडं पाहिलं, आणि मुलगा मोबाईलकडं बघत होता. जोतीराम म्हणाला, "करा."

सोहळा झाला. असा सोहळा या पंचक्रोशीत माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. ढोल-ताशा होता. कर्नलला भगवा फेटा बांधला, तो फाटक्या कानामुळं एका बाजूला घसरत होता. ढोलाला घाबरून तो अखंड भुंकत होता आणि निवेदक सांगत होता की कर्नल आपला आनंद व्यक्त करतोय. गळ्यात हार घालताना खिळ्यांमुळं पाकळ्या तुटून पडल्या. दिग्विजयदादांनी पट्टा काढून उंच धरला, तेव्हा टाळ्या वाजल्या आणि फटाक्यांची माळ लागली. कर्नल स्टेजखाली जाऊन लपला. त्याला ओढून काढलं.

भार्गवीला शाल आणि रोप मिळालं. तिनं माईक हातात घेऊन सुरुवात केली, "खरं म्हणजे पट्टा हा प्रश्नच नव्हता, साखळी..." तेवढ्यात लोकांना वाटलं भाषण संपलं आणि ढोल सुरू झाला. कॅमेरावाला ओरडला, "मॅडम, लाल पट्टा बांधा की, उजेड चाललाय." तिनं बांधला. खाली उतरताना तिनं अंजनाचा हात धरला. "काकू, रात्री नक्की आत घ्या हं."

"घ्येते."

परत जाताना अंजनानं दिग्विजयदादांना गाठलं. "दादा, त्यो जुना पट्टा द्या माझा."

"काकी, त्यो आता गावाचा झाला. हापिसात काचंच्या पेटीत ठेवनार हाय. खाली माहितीफलक."

"त्याचं माप घ्यायचंय मला. दुसरा कराया."

दादा हसले. त्यांच्याबरोबरचेही हसले. मग दादा हळूच म्हणाले, "काकी, आसलं काय करू नका बरं का आता. केस हुईल. आन माझं नाव हाय फलकावर."

अंजनानं कबूल केल्याप्रमाणं कर्नलला पडवीत घेतलं. पहिल्या रात्री तो दाराशी उभाच राहिला. ज्याला कधी आत बोलावलं नाही त्याला आत बसायचं कुठं ते कळत नाही. मग तिनं पोतं अंथरलं आणि त्याच्याशेजारी बसून शेंगा फोडत राहिली. शेवटी तो बसला. जोतीराम दोन-तीन वेळा उठून गोठ्याकडं बॅटरी मारून आला. कुरकुरला, पण बाहेर काढ म्हणाला नाही. एकदा त्यानं पोत्यावर स्वतःची जुनी लष्करी बरसाती टाकलेली अंजनाला दिसली. तिला वाटलं, जमतंय.

ऋषिराजला तिनं सांगून ठेवलं होतं, फाट्यावर जाऊन नवा पट्टा सांग. "लग्न होईस्तवर थांब आई," तो म्हणाला. लग्न अजून निदान दोन महिने पुढं होतं.

रविवारी मिरजेचे पाहुणे तारीख पक्की करायला यायचे होते. घराला नवा रंग दिला होता. पडवीत खुर्च्या मांडायच्या होत्या.

"कुत्रं मागं बांध," जोतीराम म्हणाला.

"अंधार पडायच्या आत घ्येते म्हंजे," अंजना म्हणाली. "पावनं गेलं की."

"व्हय व्हय. घी."

तिनंच बांधला. त्याच जागी, फडाच्या तोंडाला, लाल पट्ट्याला स्टीलची साखळी. घमेलं जवळ ठेवलं. शेजारचा फड आदल्याच दिवशी तुटला होता, आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

पाहुणे उशिरा आले. रेश्माची आई, वडील आणि एक मामा. मामांना साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घ्यायचे होते, म्हणून वळसा पडला. पोहे झाले, चहा झाला, तारीख ठरली, मानपान ठरलं. बाहेर ऊन उतरलं आणि फडाच्या सावल्या गोठ्यापर्यंत आल्या. अंजना उठायला लागली तर रेश्माच्या आईनं तिचा हात धरला.

"बसा की वो विहीणबाई. आता कसलं काम?"

"कुत्रं आत घ्याचं हुतं जरा."

"अगंबाई, त्येच का त्ये? सत्कारवालं? आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितलं. माझी जाऊ म्हनली, प्रानीमित्र मानसं मिळाली गं तुला."

"दावतो की व्हिडिओ, टीव्हीवर मोठा दिसतोय," ऋषिराज म्हणाला, आणि त्यानं फोन टीव्हीला जोडला.

ढोल सुरू झाला. टीव्हीवर कर्नल फेटा घालून भुंकायला लागला. मामा म्हणाले, "आवाज वाढवा." आवाज वाढवला. पडवी दणाणली. टीव्हीतला कर्नल भुंकत होता आणि गोठ्यामागचाही भुंकायला लागला. पाहुण्यांना दोन्ही एकच वाटलं. जोतीरामलाही बहुतेक तसंच वाटलं. अंजनाला दोन आवाज वेगळे ऐकू येत होते. एक भेदरलेला, ढोलाला. दुसरा तसा नव्हता.

"म्या जरा मागं जाऊन येते."

"आवं बसा!" रेश्माची आई हसत होती आणि तिनं दोन्ही हातांत अंजनाचा हात घट्ट धरला होता. "आता आपन एक झालो. कामं काय पळून जात्यात व्हय?"

विहिणीच्या हातातून हात झटकून काढायचा नसतो. लग्न ठरत असताना तर नाहीच. अंजना अर्धवट उठलेली तशीच राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पण तो मामांना स्टेजवर आपण कुठं उभे आहोत ते दाखवत होता. "त्यो काय, दादांच्या खांद्यामागं."

मग गोठ्यात म्हशींनी एकदम धडपड केली. मागचं भुंकणं मधेच तुटलं. टीव्हीतलं चालू राहिलं.

अंजनानं हात झटकला. रेश्माच्या आईच्या बांगड्या वाजल्या. कपबशी पडली. अंजना पळत गेली, तिच्यामागं जोतीराम बॅटरी घेऊन, त्याच्यामागं ऋषिराज.

बिबट्या गेला होता. त्याला कर्नलला न्यायचं होतं, पण स्टीलची साखळी तुटली नाही. म्हणून तो तिथंच टाकून गेला. साखळी जिथं संपते तिथं, फडाकडं नाही, घराकडं तोंड करून कर्नल पडला होता. लाल पट्टा लाल असल्यामुळे त्यावर काही दिसत नव्हतं. अंजना खाली बसली. पडवीत निवेदक अजून कर्नलच्या आनंदाबद्दल बोलत होता. कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही.

पाहुणे लगेच निघाले. रेश्माच्या आईच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. गाडीत बसताना ती ऋषिराजला म्हणाली, "आता ह्ये तेवढं कुटं टाकू नका फोनवर." तारीख मात्र तीच राहिली.

तिनं सांगून उपयोग नव्हता, कारण मामांनी आधीच टाकलं होतं. सकाळपर्यंत मजकूर ठरला होता: 'सोहळ्याचा राग मनात धरून मालकानंच कर्नलला संपवलं.' गावच्या ग्रुपवर जोतीरामच्या घरावर बसलेल्या बिबट्याचा फोटो फिरला. त्यात घराला तीन मजले होते. फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. दिग्विजयदादा हात जोडून मोठे, कर्नल कोपऱ्यात लहान.

जोतीरामनं बांधाला खड्डा खणला. लष्करात शिकल्यासारखा, चारी कोपरे नीट काढून. माती लोटताना तो म्हणाला, "पट्टा असता तर."

"साखळी नसती तर," अंजना म्हणाली.

दोघंही खरं बोलत होते. त्यामुळे पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

म्हशी होत्या, रेडकं होती, तोडणी चालू होती. आठवडाभरात जोतीराम ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून एक पिल्लू घेऊन आला. तांबूस, पोट सुटलेलं, दिसेल त्याच्या पायात येणारं. त्यानं ते अंगणात सोडलं आणि अंजनाकडं न बघता वैरण टाकायला गेला. ती चुलीपासून उठली नाही. पिल्लूच तिच्याकडं गेलं.

त्याच दुपारी भार्गवी आली. पायरीवर बसली आणि रडली. मी तो पट्टा बांधायला नको होता, म्हणाली. अंजनानं तिला पाणी दिलं. तिला समजावण्याइतकी ताकद अंजनात नव्हती आणि रागावण्याइतकीही नव्हती. थोड्या वेळानं तिनं पिल्लू उचललं आणि भार्गवीच्या मांडीवर ठेवलं.

"ह्येला तू न्हे."

"काकू..."

"हितं न्हाई वाचायचा ह्यो. पट्टा घातला तर पोराचं लगीन आडवं येतंय. न्हाई घातला तर बिबट्या. आत घ्यावा तर पावनं येत्यात. तुला माया हाय, तुझं घर सांगलीत हाय. तितं बिबट्या न्हाई. न्हे, तुझ्या पाया पडते."

पिल्लू भार्गवीची ओढणी चावत होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काकू, आमच्या सोसायटीत कुत्र्यांना परवानगी नाही. माझ्याकडं दोन आहेत, त्यांच्यावरूनच नोटीस आलीय. घर सोडा म्हणतायत. तिसरं नेलं तर त्या दोघांनाही..."

"आसं व्हय."

"मी पेजवर टाकते ना. कुणीतरी नक्की घेईल. चांगलं घर बघून देऊ. आज घेतलं नाही तर आठवड्याभरात."

अंजनानं गोठ्याकडं पाहिलं. जोतीराम खुंट्यापाशी वाकून काहीतरी करत होता आणि स्टील वाजत होतं. ऊन फडावरून उतरायला लागलं होतं.

"टाक मग," ती म्हणाली.

भार्गवीनं डोळे पुसले, फोन काढला आणि दोन पायऱ्या खाली उतरून उजेड बघितला.

"जरा वर धरा ना, काकू. तोंड इकडं करा त्याचं."

अंजनानं पिल्लू दोन्ही हातांनी छातीपाशी उचलून धरलं. ते तिची हनुवटी चाटायला लागलं, म्हणून पहिला फोटो हलला. दुसरा बरा आला.